छत्तीसचा आकडा

यंदाच्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला, तो पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप आणि वेगळा कीबोर्ड घेऊन. भाऊबीजेच्या दुपारी त्याने फराळाची ताटे बाजूला सारून जेवणाच्या टेबलावर आपले दुकान मांडले आणि मला हाक मारली. पडद्यावर विमान उडवायचा खेळ होता आणि त्यात आपल्या सोलापूरचा, होटगी रस्त्यावरचा विमानतळ होता. त्याने विमान उडवले, शहराच्या कडेने वळवले आणि मिनिटा-दोन मिनिटांत ते जुळे सोलापुरावर आणून म्हणाला, "मामा, हे तुमचं घर." गल्ली आमचीच होती, कोपऱ्यावरचे मोकळे मैदानही आमचेच होते, घर मात्र उतरत्या छपराचे, कुठल्या तरी थंड प्रदेशात शोभेल असे होते. या खेळात जमीन उपग्रहाच्या छायाचित्रांतून घेतलेली असते आणि बहुतेक घरे यंत्राने त्या चित्रांवरून अंदाजाने उभी केलेली असतात, असे त्याने मला समजावले. त्याने घरावरून दोन घिरट्या घातल्या, मग हात वर ताणून जांभई दिली. "झालं. आता काय करायचं?" आणि कदाचित मला बरे वाटावे म्हणून त्याने विचारले, "तुम्ही पण खेळायचात ना हे? काय करायचात?" मी म्हणालो, "आम्ही उडायचो." "आणि उतरायचात कुठे?"

तेवढ्यात आतून चहाची हाक आली आणि उत्तर द्यायचे राहून गेले. तो ते विसरलाही. मला मात्र तो प्रश्न दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखा दोन दिवस सलत राहिला, कारण त्याचे खरे उत्तर एका भांडणापाशी जाऊन थांबत होते.

आमचे विमान १९९३ च्या उन्हाळ्यात नवी पेठेतल्या एका अरुंद जिन्याच्या वर उभे होते. वर्गातल्या एका मित्राचे वडील चार्टर्ड अकाउंटंट होते आणि त्यांच्या ऑफिसात नुकताच एक ३८६ संगणक आला होता. त्याला स्वतंत्र खोली होती, खोलीला वाळ्याचा पडदा होता, पडद्याबाहेर चपला काढाव्या लागत आणि संगणकावर एक शिवून घेतलेले कापडी आच्छादन असे, ज्याची घडी कशी घालायची याचेही नियम होते. आठवडाभर त्यावर लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम चालत असे. रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळात काका घरी झोपत आणि किल्ली मुलाकडे येई. म्हणून तो कॅप्टन. दुसरा होता अण्णा, पूर्व भागातल्या मागवाल्यांच्या घरातला. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि चिडला की कानडी बोलणारा. तिसरा मी. माझ्याकडे किल्ली नव्हती आणि धाडसही नव्हते, पण अक्षर चांगले होते, त्यामुळे वही माझ्याकडे आली.

खेळ आला होता सव्वापाच इंची फ्लॉपीवरून, पुण्याच्या कुणाच्या तरी मामेभावाकडून. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर, चौथी आवृत्ती. सोबत पुस्तिका वगैरे काही नव्हते. कोणती कळ दाबली की काय होते हे आम्ही एकेक कळ दाबून शोधले आणि मी ते शंभर पानी वहीत लिहून ठेवले. सगळे उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर होते. आठ दाबले की नाक खाली, दोन दाबले की वर. चार आणि सहा म्हणजे डावे-उजवे. पाच म्हणजे सरळ. नऊने इंजिनाचा जोर वाढे आणि तीनने कमी होई. खतावण्या भरून भरून त्या कळांवरचे आकडे पुसट झाले होते आणि ऑफिसातले कारकून ज्या कळांवरून लोकांचे आयकर काढत त्याच कळांवरून आम्ही विमान चालवत होतो, याची आम्हाला भारी गंमत वाटे. कॅप्टन नाक आणि दिशा सांभाळी, अण्णा जोर सांभाळी. एका तळहाताएवढ्या जागेत दोघांची बोटे असल्याने कोपराकोपरी अटळ होती. मी घड्याळे वाचून मोठ्याने वेग आणि उंची सांगत असे.

पडदा कृष्णधवल होता. हे आधी सांगायला हवे होते, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

विमान सुरुवातीला नेहमी एकाच ठिकाणी उभे असे: शिकागो शहर, मेग्ज फील्ड विमानतळ, धावपट्टी छत्तीस. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे होकायंत्रावरच्या दिशेतले शेवटचे शून्य काढून उरलेला आकडा, हे आम्हाला बरेच नंतर कळले. तीनशे साठ अंश म्हणजे उत्तर, म्हणून छत्तीस, आणि त्याच पट्टीवर उलट बाजूने आले की तीच पट्टी अठरा. समोर उत्तर, डाव्या हाताला शहराच्या उंच इमारती, उजव्या हाताला मिशिगन सरोवर. पण आमच्या पडद्यावर गवतही राखाडी होते आणि पाणीही राखाडी होते. डोळे बारीक केले तर एक राखाडी दुसरीपेक्षा किंचित गडद वाटे, पण पाणी कोणते आणि जमीन कोणती यावर आमचे एकमत कधीच झाले नाही. विमान आदळले की मगच ते कळे.

ज्याला हल्लीची मुले ग्राफिक्स म्हणतात ते असे होते. काही सरळ रेषा, दोन-चार ठोकळे, एक क्षितिज. त्या ठोकळ्यांपैकी एक सिअर्स टॉवर होता आणि दुसरा जॉन हॅनकॉक सेंटर. एकाची उंची १,४५० फूट, दुसऱ्याची १,१२७ फूट, आणि त्या दोन्ही इमारतींच्या सांगाड्याचे गणित ढाक्यात जन्मलेल्या फजलूर रहमान खान या अभियंत्याने मांडले होते, हे मी चाळिशीत वाचले. तेव्हा आमच्या दृष्टीने सिअर्स टॉवर म्हणजे लक्ष्मी-विष्णू गिरणीचे धुराडे होते. आम्ही तसे ठरवले नव्हते. पहिल्या-दुसऱ्या रविवारी कॅप्टन "त्या उंचवाली बिल्डिंगच्या अलीकडून घेतो" असे म्हणायचा, मग ते वाक्य लांब वाटू लागले आणि अण्णाने एकदा वैतागून "धुराड्याच्या अलीकडून म्हण की बे" असे सुचवले. तिथून सगळे शहरच बदलले. सरोवर म्हणजे कंबर तलाव झाला. उड्डाणानंतर डावीकडे वळायची जागा पार्क चौक झाली. शहर मागे पडून पडद्यावर फक्त सपाट जमीन आणि क्षितिजाची रेघ उरली की "मंगळवेढ्याला आलो" असे म्हणून परत फिरायचे, कारण इतकी सपाट, झाडाविना पसरलेली, ज्वारीवाचून दुसरे काही नसलेली जमीन आमच्या माहितीत तेवढी एकच होती. शिकागोच्या नकाशात काय आहे ते मी शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये बघून ठेवले होते, पण माझे भूगोलाचे ज्ञान त्या दोघांनी चालू दिले नाही.

उंचीचा आमचा अनुभव म्हणाल तर गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा. संक्रांतीला होम मैदानावर तो उभा राही आणि सगळ्यात वर गेला की क्षणभर थांबे. त्या क्षणात किल्ल्याचे बुरूज, सिद्धेश्वराचे तळे आणि तळ्यातले मंदिर एका नजरेत मावत असे आणि पोटात खड्डा पडे. खेळात तो खड्डा कधी पडला नाही. पण विमान एका बाजूला कलले आणि क्षितिजाची रेघ तिरकी झाली की आम्ही तिघेही खुर्च्यांवर तिरके होत होतो, हे मला पक्के आठवते. एकदा काकांनी दारातून ते पाहिले आणि काही न बोलता परत गेले.

अण्णाविषयी थोडे अधिक लिहायला हवे. त्याच्या घरी खालच्या मजल्यावर यंत्रमाग होते आणि वरच्या मजल्यावर माणसे राहत. तिथे गेले की जमीन पायांतून वर येऊन दातांत वाजते आहे असे वाटे. खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक, दिवसभर. पाहुणे ओरडून बोलत, घरचे मात्र हळू आवाजात बोलत आणि एकमेकांना ऐकूही जात. अण्णा झोपेतसुद्धा कोणता माग बंद पडला ते सांगू शके, असे त्याची आई म्हणायची. संगणकाच्या पोटातल्या लहानशा स्पीकरमधून विमानाच्या इंजिनाचा जो एकसुरी घरघराट येई, तो मला आणि कॅप्टनला कायम सारखाच वाटे. अण्णा मात्र जोर कमी-जास्त करताना घड्याळाकडे कधीच पाहत नसे. तो मान किंचित वाकवून ऐके. नाक फार वर ओढले की विमान वर चढण्याऐवजी वेग हरवून खाली बसते, हा या खेळातला पहिला आणि सगळ्यात अपमानास्पद धडा असतो. वर जायचे असेल तर आधी नाक खाली करून वेग घ्यावा लागतो, हे मनाला पटत नाही. मी आकडे वाचून तो धोका ओळखेपर्यंत अण्णाने "धोटा अडकला" असे मागवाल्यांच्या भाषेत म्हणून नऊ दाबलेले असायचे.

या सगळ्यात उतरणे कुठे आले? आलेच नाही. उडायला फारशी अक्कल लागत नाही. जोर वाढवला, पट्टी संपण्याआधी दोन दाबले की विमान आपसूक उचलते. उतरायचे तर ३,९०० फुटांची ती पट्टी आधी शोधायला हवी, तिच्या रेषेत यायला हवे, उंची आणि वेग एकदमच आणि एकाच बेताने कमी करायला हवेत. आम्ही दर वेळी शहराला मोठा वळसा घालून दक्षिणेकडून छत्तीसवर येण्याचा प्रयत्न करत असू, कारण निघालो तिथून आणि त्याच तोंडाने परत यावे हेच आम्हाला रीतसर वाटे. समोर सगळे राखाडी. मी उंची वाचत असे, पाचशे, तीनशे, दोनशे, आणि खाली तलाव आहे की पट्टी यावर त्या दोघांचा वाद चाललेला असताना विमान आदळे. नाहीतर वीज जाई. वीज गेल्यावर यूपीएसची टूंटूं सुरू झाली की यंत्र ताबडतोब बंद करायचे, असा काकांचा सक्त हुकूम होता. त्यामुळे आमची कितीतरी विमाने कंबर तलावावर, धुराड्याजवळ किंवा मंगळवेढ्याच्या वाटेवर हवेतच राहिली. मी वहीत तसे लिहीत असे: "हवेत." वहीच्या शेवटच्या रकान्यात "आदळले" आणि "हवेत" या दोनच नोंदी आहेत.

एका सोमवारी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कॅप्टनने मागे वळून सांगितले, "काल रात्री उतरलो."

आदल्या दिवशी आम्ही तिघे गेलो होतो; आम्ही निघाल्यावर रात्री तो वडिलांबरोबर पुन्हा ऑफिसात गेला होता, वडील फायली बघत होते आणि याने एकट्याने मेग्जवर विमान उतरवले, असे त्याचे म्हणणे. जोर सांभाळायला अण्णा नाही, उंची वाचायला मी नाही. मी हसलो. अण्णा म्हणाला, शपथ घे. त्याने सिद्धरामेश्वरांची घेतली. अण्णा म्हणाला, मार्कंडेयाची घे. त्याने तीही घेतली. मग मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते आणि आठवू नये असे वाटते. मी म्हणालो, "कॉम्प्युटर तुझ्या बापाचा आहे म्हणून तू काहीपण सांगशील आणि आम्ही ऐकायचं." तो काही बोलला नाही. त्याची मान लाल झाली. पुढच्या रविवारी जिन्याच्या खालच्या दाराला कुलूप होते, त्याच्या पुढच्याही रविवारी होते. नंतर आम्ही विचारणे सोडले. छत्तीसमधला तीन आणि सहा देवनागरीत एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. माझ्या वहीच्या मुखपृष्ठावर मी तो आकडा चांगला मोठा, सावली देऊन काढला होता.

भांडण फार काळ टिकले असेही नाही. दहावीनंतर बोलणे सुरू झाले, लग्नांची निमंत्रणे झाली. अण्णाच्या घरचे माग विकले गेले आणि तो भिवंडीला गेला. कॅप्टन वडिलांच्याच खुर्चीवर, त्याच जिन्याच्या वर बसतो. पण तो रविवार पुन्हा निघाला नाही. त्याला विचारायची लाज होती आणि खरे सांगायचे तर विश्वास बसण्याची भीतीही होती. तो खोटे बोलला असेल तर माझे शब्द निदान अर्धे तरी माफ होते.

नंतर सायबर कॅफे आले, रंगीत पडदे आले. १९९७ साली निघालेली आवृत्ती मी दोनेक वर्षांनी सात रस्त्याजवळच्या एका कॅफेत तासाच्या भाड्याने पाहिली आणि पहिल्यांदा ते सरोवर निळे दिसले. धावपट्टी जवळजवळ पाण्यातच होती. तिच्या बाजूंनी पाणी होते, टोकांशीही पाणी होते, आणि आम्ही वर्षभर मधली जमीन कोणती यावर भांडलो होतो. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही; कंबर तलाव गेला होता आणि धुराडेही गेले होते, तिथे चकचकीत काचेची इमारत होती. पाऊण तासाचे पैसे शिल्लक असताना मी उठलो.

या खेळामागची गोष्ट मी तुकड्यातुकड्याने वाचत गेलो. ब्रूस आर्टविक नावाचा माणूस इलिनॉय विद्यापीठात शिकला, त्याने विमानाच्या हालचाली संगणकाच्या पडद्यावर दाखवण्यावर १९७५ साली प्रबंध लिहिला आणि पुढे त्यातूनच हा खेळ उभा राहिला. आयबीएमच्या संगणकासाठीची मायक्रोसॉफ्टची आवृत्ती १९८२ ची. शिकागो त्याच इलिनॉय राज्यातले. म्हणजे त्यानेही बहुधा आपल्या ओळखीचे शहरच आधी घातले असणार, आणि आम्ही त्यावर आमच्या ओळखीचे घातले. आणखी एक तपशील मला फार आवडतो. ऐंशीच्या दशकात इतर कंपन्यांनी बनवलेला संगणक आयबीएमशी खरोखर जुळतो का हे पाहायला लोक त्यावर दोन गोष्टी चालवून बघत: लोटस १-२-३ आणि हा फ्लाइट सिम्युलेटर. काकांचे यंत्र आठवडाभर एक परीक्षा देत होते आणि रविवारी दुसरी.

३० मार्च २००३ च्या मध्यरात्री शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशाने मेग्ज फील्डवर बुलडोझर आले आणि त्यांनी धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. जागेवर उद्यान करायचे होते. सोळा विमाने तळावर अडकली आणि पुढे त्यांना शेजारच्या टॅक्सी-वेवरून, म्हणजे विमाने धावपट्टीपर्यंत नेण्याच्या रस्त्यावरून, उडावे लागले. मी ती बातमी वाचली तेव्हा छायाचित्रातली ती फुली बराच वेळ पाहत बसलो. ज्या पट्टीवर आम्हाला एकदाही उतरता आले नव्हते तिच्यावर आता कुणालाच उतरता येणार नव्हते, आणि मला त्यात थोडासा सुटल्यासारखा भाव जाणवला, हे कबूल करतो.

आपल्याकडे उलटे घडले. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी उभी होती. ती पाडावी की ठेवावी यावरून या शहरात वर्षानुवर्षे काय काय झाले ते सोलापूरकराला सांगायला नको; ऊस घालणारे एका बाजूला, विमान मागणारे दुसऱ्या बाजूला, आणि माझ्यासारखे पुष्कळ जण सकाळी इकडचे आणि संध्याकाळी तिकडचे. १५ जून २०२३ ला ती पाडली. सगळ्यांच्या फोनवर ती चित्रफीत आली: क्षणभर काहीच नाही, मग बुंध्याशी धूर, मग ते उंच, सरळ, निमूट काहीतरी एका बाजूला कलू लागते. मी खुर्चीत तिरका झालो. मला कॅप्टनने वेगळी पाठवली होती, खाली दोन शब्द होते: "आता उतर." मी त्यावर अंगठा पाठवला. तेवढेच सुचले. पुढे २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचे विमान सुरू झाले, ऑक्टोबरात मुंबईचे. आता मोटार शिकायला मैदानावर आलेली मुले वर बघून थांबतात.

भाच्याच्या प्रश्नावर परत येतो. तो निघायच्या आदल्या रात्री मी त्याला विचारले, "यात मेग्ज आहे का?" त्याने शोधले आणि सापडले. २००६ च्या आवृत्तीत ते काढून टाकले होते, पण खेळाला चाळीस वर्षे झाली म्हणून २०२२ साली काही जुनी विमानतळे परत घातली, त्यात ते होते. खुर्ची त्याने मला दिली. कळा कुठल्या ते सांगू लागला, तोवर माझा हात आकड्यांवर गेला होता. नऊ. विमान धावू लागले. दोन. उचलले. बत्तीस वर्षांत कळा त्याच होत्या. "तुम्हाला कसं माहीत?" तो म्हणाला. मी नेहमीसारखे डावीकडे वळून शहराला वळसा घातला, दक्षिणेला गेलो आणि छत्तीसच्या रेषेत आलो. यंदा पाणी पाण्यासारखे दिसत होते, त्यावर संध्याकाळचे ऊनही होते. मला उंची वाचणारे कुणी नव्हते. भाचा वाचू लागला, न सांगता. विमान पट्टीला तिरके लागले, उडाले, पुन्हा टेकले आणि डावीकडच्या गवतात जाऊन थांबले. "चालतंय की," तो म्हणाला, "उतरलात." मग तो दात घासायला गेला.

मी फोन घेतला. साडेदहा झाले होते, पण कॅप्टन जागा असतो. मी लिहिले, "त्या रात्री तू कुठून आला होतास?" कोणती रात्र, कुठून, काहीच लिहिले नव्हते. बराच वेळ तो लिहितो आहे असे दिसत राहिले, थांबले, पुन्हा दिसू लागले.

"अठरावर," उत्तर आले. "उत्तरेकडून आलं की धुराडं उजव्या हाताला राहतं. उंची कळते."